कॅमेऱ्यामुळे चित्र मोडले का? युरोपीय आधुनिक चित्रकलेच्या उदयाविषयी एक सविस्तर उत्तर

तुम्ही विचारले आहे की छायाचित्रणाचा शोध लागल्यावर हुबेहूब चित्र काढण्याचे काम कॅमेऱ्याने हिरावून घेतले आणि म्हणूनच युरोपातील चित्रकारांनी आकृत्या मोडायला, रंग मनाला येतील तसे लावायला सुरुवात केली, हे खरे आहे का. त्याला जोडूनच तुम्ही लिहिले आहे की पिकासोने पंधरा-सोळाव्या वर्षी काढलेली चित्रे पाहिल्यावर, एवढा तयार हात असलेल्या माणसाने पुढे असे का काढावे, हे तुम्हाला उमगत नाही. शिवाय लवकरच पॅरिसला जाण्याचा योग असल्यामुळे तिथे काय पाहावे, तेही तुम्हाला हवे आहे. मी चित्रकार आहे आणि अनेक वर्षे कलामहाविद्यालयात रेखाटन, रंगकाम आणि पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवत आलो आहे. तुमचा प्रश्न माझ्या वर्गातही दर वर्षी येतो, आणि तो प्रामाणिक प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर दोन ओळींत उरकावे असे मला कधीच वाटले नाही.

आधी प्रश्नाची मांडणी थोडी बदलून घेऊ. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: दिसते तसे काढणे हेच चित्रकाराचे खरे काम होते, आणि ते सोडल्यावर त्याचे कष्ट कमी झाले. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की चित्र बरोबर आले, पूर्ण झाले, असे म्हणण्यासाठी युरोपात ज्या अटी प्रबोधनकाळापासून पाळल्या जात होत्या, त्या साधारण १८६० ते १९१५ या काळात एकेक करून का सोडल्या गेल्या, आणि प्रत्येक अट सोडताना चित्राचा तोल कशावर सांभाळला गेला. घराचा एक खांब काढला की त्याचा भार उरलेल्या खांबांवर येतो. तसेच इथे प्रत्येक टप्प्यावर झालेले दिसते. जे सोडले त्यापेक्षा जे उरले त्याच्याकडून चित्रकारांनी किती काम करून घेतले, हे पाहिले की ही सगळी चळवळ उलगडत जाते.

सुरुवात कुठून मोजायची, हे अर्थातच तुम्ही काय मोजता त्यावर अवलंबून आहे. विषय मोजायचा असेल तर गुस्ताव्ह कूर्बेकडे जावे लागेल. त्याने १८४९-५० मध्ये ऑर्नां या आपल्या गावातील एका साध्या अंत्ययात्रेचे चित्र सहा मीटरांहून अधिक लांबीच्या कॅनव्हासवर रंगवले आणि राजेमहाराजे, देवदेवता यांच्यासाठी राखून ठेवलेला आकार गावकऱ्यांना दिला. रंगवण्याची पद्धत मोजायची असेल तर १८६३ मधला एदुआर माने समोर येतो. संस्था मोजायच्या असतील तर १८७४ मधले स्वतंत्र प्रदर्शन महत्त्वाचे ठरते. शहर बदलले तरी उत्तर बदलते. व्हिएन्ना, ड्रेस्डेन, म्युनिक, मॉस्को या ठिकाणी हा बदल वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या क्रमाने झाला. मी पॅरिसपुरते बोलणार आहे, कारण तुम्ही तिथे जाणार आहात आणि एका अटीमागून दुसरी अट कशी गेली ती साखळी तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. दागेरची छायाचित्रणपद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तिच्यामुळे काही चित्रकारांचा धंदा खरोखर बसला: हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे रंगवून देणाऱ्या कारागिरांना पुढच्या काही दशकांत गिऱ्हाईक उरले नाही. पण कॅमेऱ्याने हुबेहूब चित्रकला मारली असे म्हणायचे तर सर्वांत आधी तिचे सर्वांत निष्णात चित्रकार उपाशी राहायला हवे होते. घडले नेमके उलटे. बुगरो, काबानेल, जेरोम यांची घोटून गुळगुळीत केलेली चित्रे छायाचित्रण रुळल्यानंतरच्या दशकांत मोठ्या किमतीला विकली जात होती. काबानेलची 'व्हीनसचा जन्म' तर १८६३ मध्ये खुद्द फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. दलाक्र्वासारखा चित्रकार छायाचित्रे समोर ठेवून रेखाटनाचा अभ्यास करत होता. कॅमेऱ्याला काळ्या-पांढऱ्यापलीकडचा रंग बाजारात आणायला १९०७ उजाडावे लागले, आणि तोवर आधुनिक चित्रकारांनी रंगाचे बहुतेक महत्त्वाचे प्रयोग करून झाले होते. देगाच्या चित्रांत कडेला कापल्या गेलेल्या आकृत्या छायाचित्रांवरून आल्या असे नेहमी सांगितले जाते. पण कुणालाही सहज हाताळता येईल असा कोडॅकचा कॅमेरा १८८८ चा आहे आणि देगा अशा आकृत्या १८७० च्या दशकातच रंगवत होता. तेव्हा कॅमेरा हे अनेक कारणांपैकी एक कारण होते, आणि तेही बाजूचे. त्याने एवढे मात्र केले की दृश्याची नोंद करणे आणि चित्र रंगवणे ही दोन वेगळी कामे असू शकतात, हा विचार लोकांच्या मनात सहज बसू लागला.

मग अटी कोणत्या होत्या? पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत विद्यार्थी आधी छापील चित्रांवरून, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून आणि त्यानंतरच जिवंत मॉडेलवरून रेखाटन करत असे. विषयांची उतरंड ठरलेली होती: पुराणातील किंवा इतिहासातील प्रसंग सर्वांत वर, स्थिरचित्र सर्वांत खाली. पण चित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत कडक अट होती ती मध्यछटांची. गाल किंवा खांदा रंगवताना उजेड आणि सावली यांच्यामध्ये एकातून दुसरीत विरघळत जाणाऱ्या छटांची एक लांब मालिका असते. तीच गोलाई निर्माण करते. ती इतकी घोटायची की ब्रशचा फटकारा कुठेही दिसता कामा नये. ज्यांनी आपल्याकडे कलाशाळेत तैलरंगातले व्यक्तिचित्र केले आहे त्यांना हे काम परिचयाचे आहे, कारण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८५७ पासून जे शिक्षण रुजले ते याच युरोपीय शिस्तीचे, लंडनमार्गे आलेले रूप होते. हे शिक्षण खोटे किंवा निरुपयोगी होते असे मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः अजूनही विद्यार्थ्यांकडून ते करून घेतो, कारण जी गोष्ट हाताला येत नाही ती सोडण्याला काही अर्थ नसतो.

मानेने नेमक्या या मध्यछटा काढून टाकल्या. १८६३ च्या सलोनला, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाला, आलेल्या कलाकृतींपैकी अर्ध्याहून अधिक परीक्षकांनी नाकारल्या. त्यावर एवढा गहजब झाला की सम्राटाने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवण्याचा हुकूम दिला. त्यात मानेचे 'गवतावरील भोजन' होते. दोन पोशाखातले पुरुष आणि त्यांच्याजवळ बसलेली विवस्त्र स्त्री, या विषयावर लोक चिडले, असे आपण वाचतो आणि ते खरेही आहे. पण विवस्त्र स्त्रिया सलोनच्या भिंतींवर रांगेने टांगलेल्या असत. या स्त्रीच्या अंगावर उजेड थेट समोरून पडतो, त्यामुळे तिच्या शरीरावर सावलीच जवळजवळ नाही. फिकट रंगाचा एक सपाट आकार आणि त्याची कडक कड एवढेच आहे. मागे पाण्यात वाकलेली दुसरी स्त्री तिच्या अंतराच्या मानाने फार मोठी आहे, त्यामुळे चित्रातली खोली जुळतच नाही. पुढच्या तिघांची बैठक मानेने रफाएलच्या रचनेवरून केलेल्या एका जुन्या मुद्राचित्रातून, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रातून, उचलली होती, आणि तोमा कूत्यूरच्या हाताखाली सहा वर्षे शिकलेल्या माणसाला खोली कशी दाखवायची हे ठाऊक नव्हते असे म्हणणे शक्य नाही. त्याने ती दाखवली नाही. १८६५ मध्ये मांडलेल्या 'ऑलिम्पिया'त हे आणखी उघड झाले: उजळ त्वचा, मागे गडद भिंत, आणि मधले काही नाही.

याचा परिणाम काय होतो हे रंग हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. मध्यछटा असतात तेव्हा चित्रातली एखादी चूक त्यांत लपते. नाक थोडे बाजूला गेले तरी सावली सांभाळून घेते. त्या काढल्या की सगळा भार कडेवर येतो. दोन सपाट रंग जिथे भेटतात ती रेषा किंचित चुकली तरी संपूर्ण आकृती कोसळते. मी विद्यार्थ्यांना एकच डोके दोनदा रंगवायला सांगतो, एकदा सगळ्या छटांसह आणि एकदा फक्त तीन छटांत. दुसऱ्या चित्राला कमी वेळ लागेल असे समजून ते सुरुवात करतात आणि बहुतेकांना दुसरेच अधिक जड जाते. सपाटपणा ही मानेने घेतलेली सूट नव्हती. तिथे हाताची कसोटी आणखी कडक झाली होती.

सपाट रंगाने चित्र उभे राहू शकते याचा धडा पॅरिसला जपानकडूनही मिळाला. १८५० च्या दशकात जपानचा पाश्चात्त्य देशांशी व्यापार खुला झाल्यावर तिथली रंगीत काष्ठमुद्राचित्रे मोठ्या संख्येने येऊ लागली आणि १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जपानने अधिकृत भाग घेतला. सावली नाही, दूरच्या गोष्टी कागदावर वरच्या बाजूला, कडेला कापलेल्या आकृत्या, आणि तरीही पाऊस, बर्फ, गर्दी सगळे नेमके. मानेने रंगवलेल्या लेखक एमिल झोलाच्या व्यक्तिचित्रात भिंतीवर असेच एक जपानी मुद्राचित्र 'ऑलिम्पिया'च्या शेजारी लावलेले दिसते. मानेने ते उगाच तिथे ठेवलेले नाही.

यानंतर घोटून काढलेला पृष्ठभाग गेला आणि त्याबरोबर वस्तूचा ठरलेला रंगही गेला. इथे सामानाचा वाटा मोठा आहे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी धातूच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावा लागे आणि पिशवी एकदा टोचली की रंग लवकर वाळे. ट्यूब आल्या, रेल्वे आली, आणि शहराबाहेर जाऊन उघड्यावर तैलरंगात काम संपवणे शक्य झाले. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोम पिवळा, विरिडियन हिरवा हे नवे, तेजस्वी रंग त्याच शतकात रसायनशास्त्रज्ञांनी दिले. त्यातच शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचे काम होते. गोबलँच्या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगाईची जबाबदारी त्याच्याकडे असताना काळ्या लोकरीचा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासले तेव्हा लोकरीत दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे काळा कमजोर भासत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला: प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या पूरक, म्हणजे रंगचक्रातल्या समोरच्या, रंगाकडे ढकलतो. चित्रकारांसाठी याचा अर्थ असा की सावली काळा मिसळून करण्याची सक्ती उरली नाही. ती शेजारच्या रंगातून घडवता येते.

क्लोद मोनेचे (हा मानेहून वेगळा चित्रकार) 'सूर्योदय, एक प्रत्यय' हे १८७२ ही तारीख असलेले ल हाव्र बंदराचे चित्र याचे उत्तम उदाहरण आहे. करड्या-निळ्या धुक्यात नारिंगी सूर्य डोळ्यात भरतो. पण या चित्राचे कृष्णधवल रूप पाहा: सूर्य आकाशात जवळजवळ नाहीसा होतो, कारण उजेडाच्या मापाने तो आणि भोवतालचे आकाश सारखेच आहेत. तो सूर्य फक्त रंगाने पेटलेला आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याला जो सूर्य टिपताच आला नसता तो मोनेने रंगवला. मोने कॅमेऱ्यापासून पळत होता असे जेव्हा कुणी म्हणते तेव्हा मी हे चित्र पुढे करतो.

हे चित्र १८७४ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या प्रदर्शनात होते, आणि त्याच्या नावावरून लुई लरुआ या पत्रकाराने थट्टेने दिलेले नाव पुढे या दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांना कायमचे चिकटले. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की कलावंतांनी परीक्षकांशिवाय, स्वतःच्या खर्चाने प्रदर्शन भरवले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. बर्थ मोरिझो त्यांतल्या सात प्रदर्शनांत होती, आणि सरकारी कलाशाळेचे दार मात्र १८९७ पर्यंत स्त्रियांना बंद होते, हे लक्षात घेतले की जुन्या चौकटीबाहेर पडण्याचा अर्थ प्रत्येकासाठी सारखा नव्हता हे कळते. पॉल द्युराँ-र्‍युएलसारखे विक्रेते एका चित्राऐवजी चित्रकाराच्या सगळ्या कामावर पैसे लावू लागले. त्याने १८७२ मध्ये मानेची वीसहून अधिक चित्रे एकदम घेतली आणि १८८६ मध्ये न्यूयॉर्कला मोठे प्रदर्शन नेले. १८८१ मध्ये सरकारने सलोनची जबाबदारी कलावंतांच्या संघटनेकडे सोपवली, १८८४ मध्ये परीक्षकांविना चालणारे स्वतंत्र कलावंतांचे सलोन सुरू झाले. चित्र बरोबर आहे की नाही हे ठरवणारी एकच जागा उरली नाही. ही व्यवस्था बदलली नसती तर पुढची धाडसे स्टुडिओतच पडून राहिली असती.

आता सेझान. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला त्याच्यात दिसतो, म्हणून इथे जास्त थांबतो. तो १८७४ च्या प्रदर्शनात होता, पण क्षणाचा उजेड पकडण्यावर त्याचे समाधान झाले नाही. त्याला संग्रहालयातल्या जुन्या चित्रांसारखे भक्कम काहीतरी हवे होते. एक्स-आँ-प्रोव्हाँस या आपल्या गावी, बँकर वडिलांनी ठेवलेल्या पैशामुळे विक्रीची घाई नसताना, तो तीच सफरचंदे आणि तोच सँत-व्हिक्त्वार डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. शिकागोच्या संग्रहालयातील 'सफरचंदांची टोपली' हे त्याचे १८९३ च्या सुमाराचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहा. टेबलाची पुढची कड पांढऱ्या कापडाखाली एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते तेव्हा ती त्याच रेषेत नाही. बाटली कललेली आहे आणि तिच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. बशीतली बिस्किटे खालच्या थरात बाजूने दिसतात आणि वरच्या थरात पुढे झुकून वरून पाहिल्यासारखी दिसतात. टोपली पुढे कललेली, सफरचंदे ओसंडलेली.

वर्गात या चित्राची नक्कल करताना काही विद्यार्थी नकळत टेबलाची कड सरळ आणि बाटली उभी करून टाकतात. मी त्यांना अडवत नाही; चित्र पूर्ण होऊ देतो आणि मग दोन्ही शेजारी ठेवतो. सरळ केलेल्या चित्रात टोपली घसरून पडेल असे वाटू लागते, फळे सुटी सुटी होतात, डावी-उजवी बाजू एकमेकींना धरून ठेवत नाही. सेझानच्या चित्रात बाटलीचा कल टोपलीच्या कलाला तोलतो, कडेतला खंड कापडाच्या घड्यांच्या ओघात मिसळतो, आणि सगळे मिळून एवढे घट्ट बसते की एक फळ उचलले तर रचना सैल होईल. इथे एका जागी उभे राहून एका डोळ्याने पाहण्याची अट गेली आहे. आपण खरेच कधी तसे पाहत नाही; मान हलते, डोळा फिरतो, आणि वस्तूची ओळख अशा अनेक पाहण्यांतून तयार होते. ती ओळख एका स्थिर पृष्ठभागावर बसवणे हे सेझानने आपले काम मानले. आंब्रवाज व्होलार या विक्रेत्याने लिहून ठेवले आहे की सेझानने १८९९ मध्ये रंगवलेल्या व्होलारच्या व्यक्तिचित्रासाठी ११५ बैठका झाल्या आणि तरी हातावरचे दोन छोटे ठिपके कॅनव्हासवर कोरेच राहिले. तिथे काही तरी लावून टाकले तर त्या जागेपासून सगळे चित्र पुन्हा करावे लागेल, असे सेझानचे म्हणणे होते. आकडा व्होलारचा आहे, तो काटेकोर मानण्याची गरज नाही. पण दोन ठिपक्यांसाठी संपूर्ण चित्र जबाबदार धरणारा हा माणूस कष्टातून सुटका शोधत नव्हता.

आंरी मातिसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा मुद्दा मध्यछटांशी जोडलेला आहे. १९०५ मध्ये त्याने पत्नी अमेलीचे एक व्यक्तिचित्र केले, ज्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा उतरतो. हा पट्टा लहरीने आलेला नाही. चेहऱ्याची एक बाजू उष्ण आणि दुसरी थंड रंगात आहे, आणि जिथे परंपरेने उजेडाकडून सावलीकडे जाणाऱ्या छटा यायच्या, नेमक्या त्या जागी हा हिरवा आहे. चेहरा वळतो, पण आता तो रंगाच्या जोरावर वळतो.

आता तुमचा पिकासो. चित्रकला शिकवणाऱ्या वडिलांच्या हाताखाली तो तयार झाला आणि १८९७ मध्ये त्याने रंगवलेले 'विज्ञान आणि सेवाभाव' हे आजारी स्त्री, डॉक्टर आणि ख्रिस्ती जोगीण (नन) यांचे मोठे चित्र माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात गौरवले गेले. म्हणजे जुनी वाट त्याच्यासमोर मोकळी होती. पण १९०७ मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात, आदल्या वर्षी वारलेल्या सेझानचे काम एकत्र मांडले गेले. त्याच वर्षी पिकासोने त्रोकादेरोच्या संग्रहालयात आफ्रिकेतले मुखवटे पाहिले. हे मुखवटे वसाहतींतून, अनेकदा बळाने, तिथे पोचले होते आणि त्यांच्या कर्त्यांची नावे कुणी नोंदवली नव्हती. युरोपीय आधुनिकतेवरचे हे ऋण उघडपणे सांगितले पाहिजे असे मी मानतो. त्या मुखवट्यांत डोळा म्हणजे पुढे आलेली नळी किंवा आडवी चीर असू शकते आणि तरी तो डोळाच असतो. 'अविन्यों गल्लीतल्या स्त्रिया' हे पाच स्त्रियांचे चित्र त्याच वर्षी, सेझानचे ते प्रदर्शन भरण्याआधी, या मुखवट्यांच्या प्रभावातून आकाराला आले. त्यासाठी शेकडो पूर्वरेखाटने आहेत; सुरुवातीच्या रचनेत असलेला खलाशी आणि वैद्यकीय विद्यार्थी नंतर काढून टाकलेले दिसतात. हे चित्र लोकांसमोर १९१६ मध्ये आले. मुद्दाम वाकडे काढून लोकांना चकवायचे असते तर ते नऊ वर्षे स्टुडिओत ठेवण्याचे कारण नव्हते.

पुढे जॉर्ज ब्राक या चित्रकाराच्या सोबतीने त्याने घनवादाची (क्यूबिझमची) बांधणी केली. १९०८ मध्ये ब्राकने दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक गावातली घरे सेझानच्या वळणाने रंगवली, आणि १९११ पर्यंत दोघांची चित्रे गेरू-करड्या रंगांत इतकी जवळ आली की सही पाहिल्याशिवाय कुणाचे कोणते हे ओळखणे अवघड जाते. रंग त्यांनी आखडता घेतला, कारण वस्तूच्या अनेक बाजू एका पृष्ठभागावर बसवताना तेजस्वी रंग डोळ्याला भलतीकडे ओढतो. पण एका टप्प्यावर वस्तू ओळखूच येईना, आणि तिथे त्यांनी जी युक्ती केली ती मला फार मोलाची वाटते. ब्राक घरे रंगवणाऱ्या, सजावट करणाऱ्या कुटुंबातला होता. साच्याने अक्षरे उमटवणे आणि लाकडाच्या शिरांची नक्कल करणे हे त्याचे शिकलेले काम होते. त्याने चित्रात अक्षरे आणली. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड एका लहान लंबगोल चित्रावर चिकटवले, भोवती चौकट म्हणून दोर लावला, आणि वर वर्तमानपत्राच्या नावातली तीन अक्षरे रंगवली. आता विचारा की या चित्रात हुबेहूब काय आहे. सर्वांत खरी दिसणारी वेताची वीण कारखान्यात छापलेली आहे आणि हाताने रंगवलेला ग्लास मात्र तुटक कोनांत आहे. हुबेहूबपणा यंत्र पुरवू शकते, चित्रकाराचे काम त्यापुढचे आहे, हे इथे शब्दांविना मांडलेले आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मला हेच चित्र सर्वांत जवळचे वाटते.

शेवटची अट वस्तूचीच होती, आणि ती पॅरिसबाहेरच्या लोकांनी सोडली. हॉलंडचा मोंद्रियान झाडाच्या फांद्या रंगवत घनवादातून आडव्या-उभ्या रेषांपर्यंत गेला, म्युनिकमध्ये रशियन कांदिन्स्की रंगाला संगीतासारखे मानून अमूर्ताकडे वळला, आणि १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात मालेविचने पांढऱ्यावर काळा चौकोन खोलीच्या कोपऱ्यात उंचावर, रशियन घरात धर्मचित्र ठेवतात त्या जागी टांगला. त्यांच्या प्रेरणांत धर्म आणि अध्यात्माचा भाग मोठा होता. पॅरिसची साखळी त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले होते. ब्राक १९१५ मध्ये डोक्याला जबर जखमी झाला, आणि या दोघांचा विक्रेता कानवायलर जर्मन नागरिक असल्यामुळे त्याच्याकडची चित्रे फ्रेंच सरकारने जप्त केली.

कौशल्याविषयी तुमची शंका उरते. सगळी आधुनिक चित्रे चांगली आहेत असे मी म्हणणार नाही. अटी सोडण्याची मोकळीक मिळाल्यावर त्या मोकळिकीची नक्कल करणारे पुष्कळ झाले. ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. चित्रातला एक भाग अंगठ्याने झाका. उरलेले चित्र बिघडत असेल तर तो भाग काम करत होता. काहीच फरक पडत नसेल तर चित्र सैल आहे. ही कसोटी काबानेललाही लावता येते आणि ब्राकलाही. आपल्याकडच्या सय्यद हैदर रझा यांना हाच मुद्दा काश्मीरमध्ये १९४८ मध्ये ऐकायला मिळाला होता. त्यांच्या चित्रांत बांधणी कमी आहे, सेझानचा अभ्यास करा, असे त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँने सुचवले. म्हणजे चित्राच्या बांधणीसाठी सेझानकडे बोट दाखवणारा माणूस स्वतः छायाचित्रकार होता. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले.

तुम्ही पॅरिसला जाल तेव्हा ऑर्से संग्रहालयात आधी काबानेलची 'व्हीनस' पाहा आणि तिच्या खांद्यावरच्या मध्यछटा नीट न्याहाळा. मग त्याच इमारतीत 'ऑलिम्पिया' आणि 'गवतावरील भोजन'. झोलाचे व्यक्तिचित्रही तिथेच आहे. त्यानंतर सेझानचे 'सफरचंदे आणि संत्री'. त्यासमोर घाई करू नका, आणि अंगठ्याची कसोटी तिथे नक्की करून पाहा. मोनेचा सूर्योदय मार्मोताँ संग्रहालयात आहे. फोनमध्ये त्याचे छायाचित्र घेऊन ते तिथेच कृष्णधवल करून बघा. वेताच्या विणीचे मेणकापड पिकासो संग्रहालयात आहे, पण संग्रहालये चित्रे फिरवत असतात, म्हणून जाण्याआधी ते भिंतीवर आहे ना याची खात्री करून घ्या. आणि वाटेत बार्सिलोना जमत असेल तर तिथल्या पिकासो संग्रहालयातले 'विज्ञान आणि सेवाभाव' पॅरिसच्या आधी पाहा, नंतर नको.